म्हात्रे सरांनी मागितलेले साधे वाक्य

काशिनाथ म्हात्रे यांची शाळेतली नोकरी मी घालवली. हे वाक्य त्यांच्यावरच्या या लेखाच्या शेवटी, त्यांच्याविषयी चार चांगल्या गोष्टी सांगून झाल्यावर, हळूच सरकवावे असा माझा बेत होता. तसा एक मसुदा लिहूनही झाला होता. वाचून पाहिला, आणि म्हात्रे तो वाचताना कुठे थांबले असते, कुठे भुवई वर गेली असती, ते सगळे दिसायला लागले... मसुदा फाडून टाकला. ते गेल्याला आता पाच-सहा आठवडे होतील. जुन्या विद्यार्थ्यांनी त्यांच्याविषयी पुष्कळ सांगितले, सगळ्यांनी चांगलेच सांगितले. इतका चांगला इंग्रजीचा शिक्षक आपल्या शाळेत दोन वर्षेसुद्धा का टिकला नाही, हे मात्र कोणी विचारले नाही. त्याचे उत्तर माझ्यापाशी आहे.

बातमी वामनने आणली. वामन एके काळी आम्हा दोघांचा विद्यार्थी. आता आमच्याच शाळेत शिक्षक आहे, नववी ब त्याच्याकडे आहे. नारळी पौर्णिमा नुकतीच होऊन गेली होती. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत मी चहा बशीत ओतत होतो. वामन दारातच उभा राहिला आणि म्हणाला, "साठे सर, म्हात्रे सर गेले. काविळीनं. काल दुपारी." मी बशी खाली ठेवली. भोवतालची माणसे हळहळली, कोणी वय विचारले, चाळिशीही गाठली नव्हती. मीही काहीतरी पुटपुटलो असेन. पण माझ्या मनात जो पहिला शब्द आला तो 'सुटलो' हा होता. खोटे कशाला सांगू? दु:ख त्याच्या मागून आले, बऱ्याच वेळाने आले.

म्हात्रे आमच्या कल्याणच्या शाळेत आले ते स्वातंत्र्यानंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी. कल्याणबाहेरच्या लष्करी छावणीत तेव्हा निर्वासितांची वस्ती बसली होती आणि तिथली सिंधी मुले आमच्याकडे येऊ लागली होती. वर्ग फुगले, मला एकट्याला इंग्रजी झेपेना, म्हणून संस्थेने दुसरा शिक्षक नेमला. कोपर गावचे कोळी, वडिलांची खाडीत होडी, आई डोंबिवलीच्या बाजारात मासळी विकायला बसायची. शिष्यवृत्त्यांवर बी. ए. झालेले. उंच, काळेसावळे, पांढरा शर्ट कोपरापर्यंत दुमडलेला, आणि हसू आले की मान मागे टाकून हसायची सवय. आमच्या खोलीत सगळे आमच्यासारखेच, पिढ्यान्‌पिढ्या पांढरपेशे. पहिल्याच दिवशी आमचे गणिताचे मास्तर म्हणाले, "म्हात्रे, डबा उघडताना जरा खिडकीपाशी बसत चला बरं का." म्हात्रे लगेच म्हणाले, "बसलो असतो हो. पण मग मांजरं येतील, आणि त्यांची हजेरी तुमच्या तासापेक्षा जास्त भरेल." सगळे हसले. मीसुद्धा हसलो. तेव्हा ते मला आवडले होते, हे इथे नोंदवायला हवे.

मॅट्रिकच्या इंग्रजीत तेव्हा एक प्रश्न हमखास असे. पाच-सहा वाक्ये द्यायची आणि प्रत्येकातला अलंकार ओळखून तो का ते सांगायचे. सिमिली म्हणजे उपमा, मेटाफर म्हणजे रूपक, पर्सोनिफिकेशन, हायपरबली, अपॉस्ट्रफी... ही नावेच मुलांच्या पोटात गोळा आणीत. मी त्यावर खुणा शोधून काढल्या होत्या. वाक्यात 'लाइक' किंवा 'ॲज' दिसले की सिमिली. ते नसेल आणि वस्तूला वस्तू म्हटले असेल तर मेटाफर. आरंभी 'ओ' म्हणून हाक असेल तर अपॉस्ट्रफी. वाक्य समजायची गरज नाही, खूण सापडली की मार्क. नियम सांगताना माझा उजवा हात खांद्याच्या वर जाई आणि सगळ्यांचे लिहून होईपर्यंत तसाच वर राही. माझी मुले पास होत. दहा वर्षे होत आली होती, आणि मी स्वत:ला यशस्वी शिक्षक समजत होतो.

म्हात्र्यांची तऱ्हा निराळी. ते नाव शेवटी विचारायचे. आधी तीन प्रश्न: कोण? कशासारखे? आणि सारखेपणा कशात? पुस्तकात बर्फासारखे पांढरे असे असेल तर विचारायचे, बर्फ कोणी पाहिलाय? कुल्फीवाल्याच्या पेटीतला सोडून. मग आपल्याकडे पांढरं काय, म्हणून मुले मिठागरावर यायची, आणि दुपारच्या उन्हात मिठाकडे बघता येत नाही, डोळे मिटतात, हेही एखादा आगऱ्याचा मुलगा सांगून जायचा. मुलांकडून ते स्वत:ची वाक्ये करून घेत. एकदा त्यांच्या वर्गावरून जाताना मी थबकलो. छावणीतला एक मुलगा उभा राहून मोडक्या इंग्रजीत सांगत होता: कराचीचं आमचं घर वडिलांच्या खिशातल्या किल्लीसारखं आहे. रोज हातात येतं, उघडत काही नाही. म्हात्रे खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. मी व्हरांड्यात होतो. इतक्या वर्षांत माझ्या वर्गात कोणी असे वाक्य बोलले नव्हते. मी तिथून निघालो तो चिडूनच. कोणावर चिडलो ते तेव्हा स्वत:शीही बोललो नाही.

मग सहामाहीचे पेपर आले. माझ्या एका विद्यार्थ्याने 'मला माझी आई आवडते' या इंग्रजी वाक्याखाली सिमिली लिहून ठेवले होते. वाक्यात 'लाइक' होते ना, खूण सापडली. तो गठ्ठा तपासायला म्हात्र्यांकडे होता. त्यांनी खोलीत ते मोठ्याने वाचले आणि मान मागे टाकून हसले. "साठे, तुमच्या मुलानं आईला अलंकार केलं हो." गणिताचे मास्तर तर टेबलावर थापा मारीत होते. मी हसल्यासारखे केले. माझे कान तापले होते. म्हात्रे जवळ येऊन म्हणाले की खुणा देऊन मुलं ओळखायला शिकत नाहीत, आपण दोघं मिळून काहीतरी करू. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान माणूस मला, माझ्या खोलीत, हे सांगत होता. बघू, असे मी म्हणालो.

पण खरा घाव पुढे बसला. एका दुपारी नववी ब मध्ये माझा तास होता, त्याआधीचा म्हात्र्यांचा तास संपत आलेला होता. वर्गात हशा चालला होता. दारात जाऊन पाहतो तो फळ्यावर म्हात्र्यांच्या वळणदार अक्षरात एक इंग्रजी वाक्य. मराठीत सांगायचे तर ते असे होते: आमचे साठे सर ठाकुर्ली स्टेशनच्या हातवाल्या सिग्नलसारखे आहेत, हात सदा वर आणि पाऊल जागचे हलत नाही. खाली तीन प्रश्न आणि उत्तरे. कोण? साठे सर. कशासारखे? सिग्नलसारखे. कशात? तिसरे उत्तर लिहायला कोणीतरी उभा राहिला होता. बाजूला 'व्हेरी गुड' असा शेरा होता. वाक्य कुठल्यातरी मुलाने केलेले असणार, पण फळ्यावर आले होते म्हात्र्यांच्या हाताने. मुलांनी मला पाहिले आणि हशा एकदम थांबला. म्हात्रे वळले. त्यांचा चेहरा उतरला हे मी पाहिले. ते काही बोलणार होते, पण मी थांबलो नाही. त्या दिवशी त्या वर्गावर मी गेलोच नाही. उपमा खोटी असती तर मी ती विसरलो असतो. ती तंतोतंत होती.

आठ दिवसांत मी कल्याणभर सिग्नल झालो. बाजारात मला पाहून एखाद्या पोराचा हात वर जायचा, मी पुढे गेलो की मागून आवाज यायचा, "सिग्नल पडला रे, गाडी सोड." डोंबिवलीत, आमच्या आळीतही ते नाव पोचले. पत्नीला नळावर कळले. रात्री जेवताना ती गंभीर राहायचा प्रयत्न करीत होती. शेवटी तिला हसू आवरेना. म्हणाली, "अहो, रागावू नका, पण हात खरंच वर असतो हो तुमचा. परवा वाण्याशी बोलतानासुद्धा होता." मी पानावरून उठलो. म्हात्र्यांनी दोनदा माझ्याशी बोलायचा प्रयत्न केला. दोन्ही वेळा मी वर्तमानपत्र तोंडापुढे धरले. त्यांचा खेद मला नको होता. त्यांनी भोगावे असे मला वाटत होते, आणि असे वाटण्यात एक गोडी होती. शाळेत जाताना, वह्या तपासताना, अंथरुणावर पडल्यावर मी ती चघळत असे. इतक्या निष्ठेने मी आयुष्यात दुसरे काही केलेले नाही.

संधी तपासणीने दिली. म्हात्रे अजून कायम झाले नव्हते. इन्स्पेक्टर साहेब त्यांचा पाठ पाहणार, शेरा देणार, आणि त्या शेऱ्यावर संस्था त्यांना कायम करायचे की नाही ते ठरवणार, असे होते. कायम झाले की पुढच्या वर्षी मॅट्रिकचा वर्गही त्यांच्याकडे जाणार, असे हेडमास्तर बोलून गेले होते. संस्थेच्या कमिटीत काही जणांना खाडीवरचा माणूस मॅट्रिकला नको होता. तसे ते उघड बोलत नसत. त्यांना एखादे कारण हवे होते. हे मला ठाऊक होते.

आता आमच्या शाळेची एक जुनी रीत सांगतो. अनेक शाळांत ती असावी. तपासणीच्या दिवशी प्रश्न विचारला की सगळ्या मुलांनी हात वर करायचा. उत्तर येत असेल त्याने उजवा, येत नसेल त्याने डावा. साहेबांना हातांचे रान दिसते आणि मास्तर उजव्या हातालाच उठवतो. ही रीत मीही वर्षानुवर्षे पाळली होती. म्हात्र्यांना ती पटली नव्हती. हेडमास्तरांनी त्यांना बोलावून सांगितले, "म्हात्रे, तत्त्वं कायम झाल्यावर. या वेळी सगळे हात वर दिसले पाहिजेत." म्हात्र्यांनी मुलांना ते शिकवले, पण शिकवताना ते मुलांकडे न बघता खिडकीबाहेर बघत होते, असे वामनने मला पुढे सांगितले.

त्यांचा पाठ नववी ब वर, तिसऱ्या तासाला होता. दुसरा तास माझा. मी फळा पुसला, मुलांना जवळ बोलावल्यासारखा आवाज खाली आणला आणि सांगितले की साहेबांना उजव्या हाताची खूण कळली आहे, म्हणून आज उलट करायचे. येत असेल त्याने डावा, येत नसेल त्याने उजवा. म्हात्रे सरांचाच निरोप आहे, त्यांना वेळ नाही म्हणून माझ्याकडे दिला. मुले माझे ऐकत होती. पहिल्या बाकावरच्या वामनने विचारले, "नक्की ना, सर?"

"नक्की," मी म्हणालो.

पाठ पाहायला मी व्हरांड्यात थांबलो. कारण नसताना थांबलो, पाहायला मिळावे म्हणून थांबलो. म्हात्र्यांनी फळ्यावर लिहिले, उंट हे वाळवंटातले जहाज आहे. विचारले, अलंकार कोणता? सगळा वर्ग हात वर करून बसला. त्यांनी एका उजव्या हाताला उठवले. पोरगा उभा राहिला आणि गप्प. दुसरा उजवा हात. त्याने अपॉस्ट्रफी म्हणून ठोकून दिले. तिसऱ्याने विचारले, "उंट म्हणजे कॅमलच ना, सर?" साहेब वहीत काहीतरी टिपत होते. हेडमास्तरांच्या कपाळावर घाम आला होता. म्हात्र्यांनी वर्गावरून नजर फिरवली. आपली हुशार मुले सगळी डावा हात वर करून बसली आहेत हे त्यांच्या ध्यानात आले असावे. मग त्यांनी दाराकडे पाहिले. मी तिथे होतो. आमची नजर भेटली आणि त्यांना सगळे समजले. मी नजर काढून घेतली नाही. त्या वेळी माझ्या छातीत जो आनंद दाटला होता, तो आठवला की आजही मला भीती वाटते, कारण त्याची चव अजून गेलेली नाही.

त्यांनी वामनला उठवले. डावा हात. वामनने रूपक तर सांगितलेच, पण वाळवंट आणि समुद्र, वाट नसणे, लांबचा पल्ला, सगळे उलगडून सांगितले. मग दुसरा डावा हात, तिसरा. एकाहून एक सरस उत्तरे. पाठ सावरला असे मला वाटले आणि माझा विरस झाला. पण साहेब मुरलेले होते. इतका वेळ त्यांना समजले नव्हते ते नेमके आता समजले. ते हसले आणि म्हणाले, "मास्तर, हातांची वाटणी केलीय म्हणा की. डावे हुशार, उजवे ढ." मग त्यांनी एका डाव्या आणि एका उजव्या मुलाला जवळ बोलावून विचारले. मुलांनी त्यांना खरे वाटत होते ते सांगितले, म्हात्रे सरांनीच हातांची खूण ठरवून दिली होती. ही खूण सर्वांनाच ठाऊक होती, हेडमास्तरांनी हुकूम दिला होता, पण हेडमास्तर भिंतीकडे बघत राहिले. शेरा पडला की शिक्षकाने तपासणी अधिकाऱ्याची फसवणूक केली. कमिटीला कारण मिळाले. वर्ष संपताच म्हात्र्यांना निरोप दिला गेला. त्यांनी कोणाचेही नाव घेतले नाही. माझे घेतले नाही आणि हेडमास्तरांचेही नाही.

खोलीतून आपली छत्री आणि पुस्तके उचलताना ते माझ्यापाशी आले. बाकीचे ऐकत होते. आवाज न चढवता म्हणाले, "साठे, माझं नाव कशाला घातलंत मध्ये? तुम्ही स्वत:च्या नावावर सांगितलं असतं तरी पोरांनी ऐकलं असतं. तुम्ही मास्तर होता त्यांचे." आणि गेले. मॅट्रिकचा वर्ग माझ्याकडेच राहिला. त्या संध्याकाळी मी बाजारातून जिलबी घेऊन घरी गेलो.

पुढे म्हात्रे एका कचेरीत कारकून झाले आणि संध्याकाळी कोपरला घराच्या ओट्यावर मुलांना इंग्रजी शिकवू लागले. माझीच मुले जात. मला कळत असे, कारण उत्तरपत्रिकेत अलंकाराच्या नावाआधी ते तीन प्रश्न यायचे. कोण, कशासारखे, कशात. मी त्या मुलांचे मार्क कापीत असे. नोकरी घेऊनही माझे समाधान झाले नव्हते. बोर्डाच्या परीक्षेत मात्र तीच मुले पुढे येत आणि चांगल्या निकालाबद्दल कमिटी माझे अभिनंदन करी. मी हात जोडून ते स्वीकारी. असे सहा-सात वर्षे चालले असेल.

दोन वर्षांपूर्वी वामन बी. ए. होऊन आमच्या शाळेत लागला. पहिल्याच आठवड्यात, खोलीत दुसरे कोणी नाही असे पाहून त्याने मला विचारले. इतकी वर्षे तो ते मनात घेऊन होता. म्हणाला, "सर, तो निरोप म्हात्रे सरांनी खरंच दिला होता का? आम्हा मुलांना वाटतं, आमचं ऐकण्यात चुकलं. आम्ही काहीतरी उलट केलं आणि सरांची नोकरी गेली." मी त्याच्याकडे पाहिले. बावीस वर्षांचा तरुण मुलगा, मिशी फुटलेली, आणि डोळ्यांत तोच पहिल्या बाकावरचा विश्वास. मी म्हणालो, "निरोप होता. तुमचं ऐकण्यात चुकलं नव्हतं. काहीतरी गोंधळ झाला असेल." तो बरे म्हणाला आणि तासाला गेला. मी एक माणूस उद्ध्वस्त केला एवढेच मला इतके दिवस माहीत होते. ते पाप चाळीस मुलांनी वाटून घेऊन वागवले आहे, हे मला माहीत नव्हते.

त्या रविवारी मी कोपरला गेलो. ओट्यावर म्हात्रे मुलांच्या वह्या तपासत बसले होते. पलीकडे त्यांचे वडील जाळ्याची फाटकी घरे विणत होते. मला ओळखले नाही, पण मास्तर म्हटल्यावर म्हातारा उठलाच. "च्या घ्याल ना, मास्तर? आमचे घरचा चालंल तुमाला?" मी चालेल म्हणालो. म्हात्र्यांनी बसा म्हटले आणि वही मिटली नाही. वाटेत मी शब्द जुळवून ठेवले होते. म्हणालो, "म्हात्रे, मत्सराच्या आगीनं मला आंधळं केलं होतं. माझ्या मनात साप शिरला होता. आज पश्चात्तापाचा डोंगर माझ्यावर कोसळलाय..."

त्यांनी लाल पेन्सिल खाली ठेवली. "आग, रूपक," ते म्हणाले. "साप, रूपक. डोंगर हे रूपक आणि वर अतिशयोक्ती. साठे, यात तुम्ही कुठं आहात? आगीनं केलं, सापानं केलं. डोंगर तर बिचारा नंतर आला. मला साधं वाक्य हवंय."

साधे वाक्य माझ्या तोंडातून निघेना. चहा आला, मी तो प्यालो. मग ते म्हणाले की फळ्यावरचे ते वाक्य ही त्यांची चूक होती. मी दारातून निघून गेल्यावर त्यांनी ते पुसले आणि मुलांपुढे तसे कबूल केले. सहकाऱ्याची थट्टा मुलांकडून करून घेणे बरे नव्हे असे त्यांनी वर्गाला सांगितले होते. मला सांगायला आले तेव्हा मी वर्तमानपत्र आड धरले. "मी मुलांपुढं केलं ते मुलांपुढं फेडलं. तुम्हीही तिथंच फेडा. नववी ब मध्ये उभे राहा आणि सांगा. इथं ओट्यावर नको."

"म्हणजे मग तुम्ही क्षमा कराल?" मी विचारले.

"नाही करणार," म्हात्रे म्हणाले. "ते डोक्यातून काढा. तुम्ही आलात ते ओझं उतरवायला. मी का उतरवून घेऊ? हे रूपक माझं आहे, मला चालेल." आणि मान मागे टाकून हसले, पूर्वीसारखेच. हसू संपल्यावर मात्र डोळे कोरडे होते. "मला मॅट्रिकचा वर्ग शिकवायचा होता, साठे. अजून स्वप्नात शिकवतो. तुमच्यावर राग धरायचा माझा हक्क आहे, तो मी तुम्हाला देणार नाही."

परत येताना मी पश्चात्तापाने नव्हे, संतापाने चालत होतो. घरी आलेल्या माणसाला, हात जोडणाऱ्या माणसाला असे परत पाठवायचे? हा सूड आहे, असे मी स्वत:शी म्हणत होतो. आणि होताही तो सूडच. त्यांनी मला काहीही केले नाही, फक्त काय करायचे ते सांगून मोकळे सोडले. त्यानंतर दोन वर्षे मी दररोज नववी ब वरून गेलो आणि एकदाही आत जाऊन बोललो नाही. वामन पुन्हा काही विचारीत नसे, पण मला पाहिले की तो अदबीने बाजूला होई, आणि मला ते सहन होत नसे. हेडमास्तर निवृत्त व्हायचे होते, त्यांच्या जागी माझे नाव चालू होते. आता बोलून काय उपयोग, म्हात्रे तर क्षमा करणारच नाहीत, असा हिशोब मी मांडीत राहिलो.

ते गेल्यावर मी कोपरला गेलो. ओटा सारवलेला होता. वडील बसले होते, मुलाच्या वह्यांचा गठ्ठा कोणाच्या कोणाला द्यायचा ते त्यांना समजत नव्हते, अक्षर येत नव्हते. मी नावे वाचून गठ्ठे लावून दिले. म्हातारा म्हणाला, "तुमी त्याच्या शालेतले ना? पोरगा माजा सारखा शालेचा बोलायचा. तिथनं त्याला कला कारला, ते काय आमाला सांगला नाय." त्याला शाळेतून कशाला काढले, हे मुलाने बापालाही सांगितले नव्हते. मी त्यांनाही त्या दिवशी सांगू शकलो नाही. पण आणखी टाळले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत गेल्यावर आधी वामनला गाठले आणि त्याच्या तासातली दहा मिनिटे मागितली. कशासाठी, असे त्याने विचारले नाही. हेडमास्तरांनाही बोलावले, ते आले, मागे भिंतीशी उभे राहिले. वर्गात आजची मुले होती. त्यांनी म्हात्र्यांना पाहिलेलेही नव्हते. मी उभा राहिल्याबरोबर त्यांनी सवयीने वह्या उघडल्या. एकाने विचारले, "सर, लिहून घ्यायचं का?" मी नको म्हणालो, आणि बोललो ते एवढेच.

"या वर्गाला पूर्वी काशिनाथ म्हात्रे नावाचे शिक्षक इंग्रजी शिकवत होते. ते माझ्यापेक्षा चांगलं शिकवत आणि मला ते बघवत नव्हतं. तपासणीच्या दिवशी मी या वर्गातल्या मुलांना त्यांच्या नावानं खोटा निरोप सांगितला. त्यांचा पाठ बिघडावा म्हणून सांगितला. त्यामुळे त्यांची नोकरी गेली. मुलांचं काही चुकलं नव्हतं. वामन, तुझं काही चुकलं नव्हतं, आणि तू विचारलंस तेव्हाही मी तुझ्याशी खोटं बोललो. हे मी केलं. म्हात्रे सरांची मी माफी मागतो. त्यांनी ती दिली नव्हती, आणि ते बरोबर होतं."